बैलाची पावती, माणसाचा खुबा

माझे मामू सोनारीचे. परंडा तालुक्यातलं हे गाव काळभैरवनाथाच्या देवळामुळे आणि त्या देवळाभोवती हक्कानं हिंडणाऱ्या माकडांमुळे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. मामूंचा धंदा जनावरांच्या दलालीचा. उपरण्याखाली बोटं धरून सौदा करायचा आणि सौदा जमला, की बाजाराच्या कारकुनापुढं उभं राहून बैलाची पावती करून घ्यायची. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर बाजारात जायचो. मामू सांगायचे आणि कारकून लिहायचा. जात खिलार, रंग कोसा, चार दाती, शिंगं मागं वळलेली, उजव्या खांद्यावर भोवरा, डाव्या कानाला चीर. विकणाऱ्याचं नाव आणि गाव, घेणाऱ्याचं नाव आणि गाव, तारीख, सही नाहीतर अंगठा.

मामूंना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण पावती झाल्याशिवाय ते कासरा हातातून सोडत नसत. मी एकदा विचारलं, एवढं कशाला लिहायचं? आमच्या घरात दखनी बोलतात. मामू म्हणाले, "जनावर मुका रहता बाबा, उसके बदले कागद बोलता." उद्या बैल चोरीला गेला, वाटेत अडवला गेला, लंगडा निघाला, तर बैल काही सांगू शकणार नाही. कागद सांगेल.

आज मला सांगायचं आहे ते मात्र बैलाबद्दल नाही. ते आहे माणसाच्या खुब्याबद्दल.

२००८ साली मामूंचा डावा खुबा बदलला. तेव्हा त्यांचं वय सहासष्ट. चार-पाच वर्षांपासून चालताना जीव जायचा. नमाजाला खाली बसणं सुटलं होतं. मशिदीत कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे आणि त्याची त्यांना फार लाज वाटायची. मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात मुलानं त्यांना नेलं. तिथं सांगण्यात आलं, की नवा परदेशी सांधा आहे, पूर्ण धातूचा आहे, गोळा मोठा असल्यामुळे निखळत नाही आणि मांडी घालूनसुद्धा बसता येईल. मामूंनी सगळं सोडून एवढंच विचारलं, सजदा करता येईल का? होय म्हटल्यावर त्यांनी जमिनीचा एक तुकडा विकला.

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. वैद्यकशास्त्रात माझी गती नाही. पण मामूंच्या निमित्तानं या सांध्याचा इतिहास मी जमेल तसा वाचला, तो तुम्हांला सांगतो.

शाळेच्या पुस्तकात आपण 'उखळीचा सांधा' शिकलो. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतं. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचं अस्तर असतं. हे अस्तर झिजलं, की हाडावर हाड घासतं. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा वंगणाशिवाय आसावर फिरला तर काय आवाज येतो, तो आठवा. तेच दुखणं माणसाच्या कमरेत होतं.

यावर तोडगा काढायचे प्रयत्न जुने आहेत. लंडनमध्ये फिलिप वाइल्स यांनी १९३८ साली पोलादाची वाटी आणि पोलादाचा गोळा बसवून पाहिला. पण आज जगभर होणाऱ्या शस्त्रक्रियेचे खरे जनक म्हणजे इंग्लंडमधल्या रायटिंग्टन इथल्या रुग्णालयातले सर जॉन चार्नली. गोळा धातूचा आणि वाटी कमी घर्षणाच्या पदार्थाची, ही त्यांची कल्पना. आधी त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं. सुमारे तीनशे रुग्णांना ते सांधे बसवले आणि थोड्याच वर्षांत ते झिजू लागले. झिजलेल्या कणांनी भोवतालचा भाग सुजला. चार्नलींनी आपली चूक लपवली नाही. हे कण शरीरात काय करतात हे पाहण्यासाठी त्यांनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत घालून घेतलं आणि काय झालं ते वैद्यकीय नियतकालिकात जाहीरपणे लिहिलं. १९६२ साली त्यांनी टणक पॉलिथिनची वाटी वापरली आणि मग जगाला चालता करणारा सांधा मिळाला. तरी त्यांचं समाधान झालं नाही. मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी परत द्यावा, अशी विनंती ते आपल्या रुग्णांना करत. आपण बसवलेली वस्तू वीस वर्षांनी कशी दिसते, हे त्यांना बघायचं होतं.

पॉलिथिनलाही दोष होताच. दहा-पंधरा वर्षांत त्याचे बारीक कण सुटत आणि त्यांच्यामुळे आजूबाजूचं हाड विरत जाई. म्हाताऱ्या माणसाला एक सांधा पुरे होई, पण चाळिशीतल्या माणसाचं काय? म्हणून धातूवर धातू ही जुनी कल्पना १९९० च्या दशकात पुन्हा पुढं आली. कोबाल्ट, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांचा मिश्रधातू. कठीण, चकचकीत, न गंजणारा. कंपन्यांत चढाओढ लागली.

या चढाओढीत जॉन्सन अँड जॉन्सन समूहातल्या डेप्यू या कंपनीनं 'एएसआर' नावाचा सांधा २००३ साली बाजारात आणला. त्याची वाटी नेहमीच्या वाटीपेक्षा उथळ होती. वाटी जराही तिरकी बसली, की गोळ्याचा भार काठावर यायचा आणि काठ घासायचा. गाडीच्या आसाजवळ जमलेलं काळं वंगण आपण पाहिलेलं आहे. या रुग्णांचे सांधे पुन्हा उघडले, तेव्हा शल्यविशारदांना आत तसंच काही दिसलं. राखाडी-काळा पडलेला भाग, साचलेला द्रव, मेलेलं स्नायू. कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तातही उतरत होतं. कोबाल्ट फार वाढलं, तर काही रुग्णांच्या हृदयावर, थायरॉइडवर, कानांवर, डोळ्यांवर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत.

अमेरिकेत यातला एक प्रकार २००५ मध्ये मंजूर झाला, तो माणसांवर नवी चाचणी न करता. आधीच्या सांध्यांसारखाच हा आहे, एवढं दाखवणं तिथल्या नियमाला पुरेसं होतं.

मग हा दोष कळला कसा? तो एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत कळला नाही. तो वहीत कळला. स्वीडननं १९७९ पासून खुब्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेची राष्ट्रीय नोंद ठेवायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात १९९९ मध्ये आणि इंग्लंडमध्ये त्यानंतर अशी नोंदवही सुरू झाली. कोणाला, कधी, कोणत्या कंपनीचा, कोणत्या क्रमांकाचा सांधा बसवला आणि पुन्हा कधी उघडावा लागला, एवढंच त्यात लिहायचं. ऑस्ट्रेलियाच्या वहीत २००७ मध्येच दिसलं, की एएसआर इतरांपेक्षा लवकर काढावा लागतो आहे. डिसेंबर २००९ मध्ये तो तिथल्या बाजारातून मागं घेतला गेला. इंग्लंडमध्ये स्टॉकटनचे शल्यविशारद टोनी नारगोल यांनी आपल्या रुग्णांची दुखणी मोजून इशारे दिले. एप्रिल २०१० मध्ये ब्रिटिश यंत्रणेनं सांगितलं, की धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांच्या रुग्णांवर लक्ष ठेवा. रक्तात लिटरमागं ७ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त धातू दिसला तर पुढच्या तपासण्या करा. तिथल्या नोंदवहीचा हिशेब निघाला, की पाच वर्षांत एका प्रकारात १२ आणि दुसऱ्या प्रकारात १३ टक्के रुग्णांची शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागते. म्हणजे जवळजवळ आठांत एक. शेवटी २४ ऑगस्ट २०१० रोजी कंपनीनं तो जगभरातून परत बोलावला. तोवर सुमारे ९३ हजार सांधे माणसांच्या शरीरात गेले होते. परत बोलावला म्हणजे काय, तर दुकानातला माल परत गेला. माणसाच्या कमरेतला कसा परत जाणार?

आता आपल्याकडे येऊ. भारतात या सांध्याच्या आयातीला २००६ मध्ये परवाना मिळाला. सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. २०१० मध्ये माल परत बोलावल्यावर कंपनीनं मदतीसाठी फोन क्रमांक दिला. पण ही बातमी ज्याच्या शरीरात तो सांधा होता, त्याच्यापर्यंत पोहोचायला हवी होती. ती बऱ्याच जणांपर्यंत पोहोचलीच नाही. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं महेश झगडे आयुक्त असताना हे प्रकरण उचललं, पोलिसांत तक्रार केली, केंद्राच्या औषध महानियंत्रकांना कळवलं. ही गोष्ट आपल्या राज्याच्या बाजूनं सांगण्यासारखी आहे. २०१२ मध्ये आयातीचा परवाना रद्द झाला. देशभरासाठी धोक्याची सूचना निघाली डिसेंबर २०१३ मध्ये, म्हणजे जगानं माल परत घेतल्यावर तीन वर्षांनी. त्याच्या आदल्या महिन्यात अमेरिकेत कंपनीनं तिथल्या सुमारे आठ हजार रुग्णांसाठी अडीच अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली होती.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं डॉ. अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०१८ मध्ये आला. प्रत्येक बाधिताला किमान २० लाख रुपये द्यावेत आणि पुन्हा शस्त्रक्रियेचा खर्च ऑगस्ट २०२५ पर्यंत कंपनीनं सोसावा, असं तिनं म्हटलं. पण त्या अहवालातला एक आकडा मला रात्रभर झोपू देईना. ४,७०० पैकी पत्ता लागला होता जेमतेम १,०८० रुग्णांचा. उरलेले छत्तीसशेहून अधिक लोक कुठं आहेत, ते ठाऊक नव्हतं.

छत्तीसशे माणसं! आमच्या भागातल्या एखाद्या गावाची वस्ती एवढी असते. अख्खं गाव हरवावं आणि शोधायला कागदच नसावा, तशी ही गोष्ट.

२०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे सगळं वर्तमानपत्रांत आलं. नोव्हेंबरमध्ये जगभरच्या पत्रकारांनी मिळून केलेली शोधमालिका प्रसिद्ध झाली, त्यातही भारताचं हे प्रकरण होतं. मी ती कात्रणं घेऊन सोनारीला गेलो. मामूंच्या खुब्यात तोवर वर्ष-दीड वर्ष कळ येत होती. सजदा पुन्हा सुटला होता. मी म्हटलं, मामू, तुमचा सांधा कोणत्या कंपनीचा? मामींनी पत्र्याची पेटी उघडली. क्ष-किरणाचं मोठं पाकीट निघालं. घरी सोडताना दिलेला कागद निघाला. त्यावर डॉक्टरी अक्षरात लिहिलं होतं, डावा खुबा, संपूर्ण सांधारोपण. बिलावर एका ओळीत 'इम्प्लांट' आणि पुढं रक्कम. बस्स. ना कंपनी, ना क्रमांक.

प्रत्येक सांध्याच्या खोक्यात चिकटवायची छोटी लेबलं असतात. त्यावर कंपनी, प्रकार, माप आणि खेपेचा क्रमांक छापलेला असतो. एक रुग्णालयाच्या फाइलमध्ये चिकटवायचं, एक रुग्णाला द्यायचं, इतकी साधी व्यवस्था. आमच्या हाती ते लेबल नव्हतं. मामूंचा मुलगा रुग्णालयात गेला. जुन्या फाइली आता नाहीत, असं उत्तर मिळालं. यात कुणी खोटं बोललं असं मी म्हणणार नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपल्या, की डॉक्टरचं कर्तव्य संपतं. सांधा पंधरा-वीस वर्षं टिकावा ही अपेक्षा आणि त्याचा कागद टिकावा तीन वर्षं! हा हिशेब कुणी मांडला, ते अल्ला जाणे.

सोलापूरच्या एका डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र उजेडापुढं धरून पाहिलं. म्हणाले, गोळा मोठा आहे, धातूवर धातूच दिसतो. पण कंपनी मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. रक्तातला धातू तपासून घ्या. मामूंनी नकार दिला. तपासणीत काही निघालं तर पुन्हा कमर उघडायची. वय शहात्तर, जमीन तर गेलेली. आणि भरपाई मागायची तर पुरावा हवा. नोव्हेंबर २०१८ मध्ये डॉ. आर. के. आर्य यांच्या समितीनं वय आणि अपंगत्व पाहून ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचं सूत्र ठरवलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती योजना मान्य करून याचिका निकाली काढली. कंपनी त्या सूत्राविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि मे २०१९ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी तिनं दाखवली. सदुसष्ट! ज्यांच्याकडं कागद होता, त्यांचाही रस्ता इतका लांब. ज्यांच्याकडं कागदच नाही, त्यांना रस्त्याचं तोंडसुद्धा सापडत नाही.

मामूंचा सांधा त्याच कंपनीचा होता, असं मी म्हणत नाही. नसेलही. माझं दुखणं नेमकं हेच आहे, की तो कुणाचा होता हे आम्हांला शेवटपर्यंत कळलं नाही.

सोनारीजवळच परंड्याचा किल्ला. विजापूरची मुलुखमैदान तोफ एके काळी या किल्ल्यावर होती. ती १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला ओतली. ओतणारा कारागीर मुहंमद बिन हसन रूमी. त्याचं नाव तोफेवर कोरलेलं आहे. १६३२ मध्ये ती परंड्याहून विजापूरला गेली. पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या धातूचा जन्म, कर्ता आणि प्रवास आज आपण सांगू शकतो. आणि २००८ साली एका जिवंत माणसाच्या शरीरात बसवलेल्या धातूचं नाव सांगू शकत नाही. माणूस मारायच्या वस्तूवर कारागिरानं अभिमानानं नाव घातलं. माणूस चालवायच्या वस्तूचं नाव फाइलीबरोबर रद्दीत गेलं.

आता परिस्थिती थोडी सुधारली आहे, तेही सांगायला हवं. शरीरात बसवायच्या सांध्यांना आपल्या औषध कायद्याखाली आणलं २००५ मध्येच. पण अशा उपकरणांमुळे होणारा अपाय नोंदवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला जुलै २०१५ मध्ये. वैद्यकीय उपकरणांचे वेगळे नियम १ जानेवारी २०१८ पासून आणि सगळीच उपकरणं कायद्याच्या कक्षेत १ एप्रिल २०२० पासून. शल्यविशारदांच्या संघटनेनं सांध्यांची नोंदवहीही ठेवली आहे, पण त्यात नोंद करणं ऐच्छिक. इकडं आमच्या गावात गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला आला आहे. जनावराची लस, जात, मालक सगळं त्या क्रमांकावर निघतं. मामू ते पाहून हसायचे. म्हणायचे, आमच्या धंद्याची रीत सरकारनं उचलली!

एक आठवण सांगतो. सोनारीत मामूंच्या शेजारी एक मास्तर राहायचे. त्यांचाही खुबा बदललेला होता. ते वारले. तिसऱ्या दिवशी सावडायला गेलेल्यांना राखेत धातूचा गोळा आणि दांडा सापडला. त्यावर बारीक आकडे कोरलेले. मुलगा तो फडक्यात बांधून मामूंना दाखवायला घेऊन आला. मामूंनी गोळा हातात फिरवून पाहिला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हम तो दफन होते बाबा. हमारा नंबर कयामत के दिन दिखेगा."

२०२२ च्या हिवाळ्यात मामू गेले. सोनारीच्या कबरस्तानात ते आहेत आणि त्यांच्याबरोबर तो धातूही आहे. चाळिसाव्यानंतर मामींनी पेटी पुन्हा माझ्यापुढं ठेवली. तळाशी सुतळीनं बांधलेला पावत्यांचा गठ्ठा होता. सगळ्यात वरची १९७४ सालची. एक बैल, रंग कोसा, चार दाती, उजव्या खांद्यावर भोवरा. शाई फिकी झाली होती, पण अक्षरन् अक्षर लागत होतं. त्याच गठ्ठ्यात रुग्णालयाचं बिल घडी करून ठेवलेलं. वाचता न येणाऱ्या माणसानं तेही पावती म्हणूनच जपलं होतं.

गेल्या वर्षी माझ्या पत्नीचा गुडघा बदलला. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी मी परिचारिकाबाईंना म्हटलं, ताई, सांध्याचं लेबल हवं. त्यांना नवल वाटलं. असं कुणी मागत नाही म्हणाल्या. पण त्यांनी फाइल आणली, त्यातलं जादाचं लेबल काढून दिलं. कंपनी, प्रकार, माप, क्रमांक, सगळं त्यावर होतं. तुमच्याही घरात कुणाचा खुबा, गुडघा बदलला असेल, हृदयात काही बसवलं असेल, तर आजच कागद काढून पाहा. लेबल नसेल तर रुग्णालयातून मागून घ्या. फाइल रद्दीत जायच्या आत मागा. त्याच्या दोन प्रती काढा आणि एक लेकराजवळ ठेवा.

आमचं लेबल मी एका कोऱ्या कागदावर चिकटवलं, खाली पत्नीचं नाव, गाव आणि तारीख लिहिली आणि तो कागद मामूंच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात ठेवून दिला.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)